सतरा नंबरचा चौकोन

माझं आणि निवृत्तीचं भांडण झालं ते उंटकटारीवरून. नवऱ्याचं नाव घेते म्हणून कुणी नाक मुरडू नये. एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली मी, रोज पन्नास नावं तोंडातून जायची, त्यात एक नवऱ्याचं गेलं तर कुठं काय बिघडलं.

उंटकटारी ज्याला माहीत नाही त्यानं आमच्या गावाला यावं. नायगावच्या गाडीतून फाट्यावर उतरलं की डाव्या हाताला गायरानाचा माळ लागतो. तांबडा, मुरमाड, नांगराला दाद न देणारा. तिथं ही बाई ठाण मांडून उभी असते. गुडघ्याएवढी उंची, पानं वरून हिरवी, खालून पांढरी लव आणि टोकाटोकाला काटा. थंडी पडली की तिला गोल गोंडे येतात. तेही काट्याचेच, पण त्यातून बारीक निळसर-पांढरी फुलं निघतात आणि मधमाश्या दिवसभर तिथून हलत नाहीत. लांबून बघायला लई गोड दिसते. हात लावला की कळतं.

माळाला लागून आमचं दोन एकर रान आहे, सासऱ्यापासून कसतोय. त्याच्या बांधावर निवृत्तीनं उंटकटारी मुद्दाम राखलीय. शेळी तोंड लावत नाही, फुकटचं कुंपण, असं त्याचं म्हणणं. तर दसऱ्याच्या दिवशी विहारात कार्यक्रम होता. मी नवीकोरी इरकल नेसले आणि ह्याला बोलवायला बांधावरून गेले. पदर काट्यात अडकला आणि वीतभर फाटला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हटलं, आज काढून टाक ती अवदसा. हा माणूस विळा हातात घेऊन उभा, आणि म्हणतो कसा, "काट्याची काय चूक हाय? तो आपल्या जागेला उभा हाय. पदर तू घेऊन गेलीस त्याच्याजवळ."

मी बोलणं टाकलं. सोयाबीन निघालं, मळणी झाली, तरी बोलले नाही. मग लेकीच्या गोठ्यावर पत्रे टाकायचे होते म्हणून तो चाकूरला ज्योत्स्नाकडं गेला. आठ दिवस राहिला. त्यानं फोन केला नाही, मीही केला नाही. चाळीस वर्षांत ह्या माणसाच्या तोंडून "चुकलं" हा शब्द मी ऐकला नव्हता, मग मीच का पुढं व्हावं. आता वाटतं, तेव्हा एक फोन केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

कारण त्याच आठ दिवसांत मंजुषा आली.

उदगीरची पोर. वडील गुरुबसप्पा, तिथं त्यांचं भुसार मालाचं दुकान. नांदेडला राहून एम.एस्सी. करते, झाडाझुडपांवर. पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी, डोक्याला रुमाल, आणि ग्रामपंचायतीचं परवानगीचं पत्र. सरपंचानं तिला सरळ माझ्याकडं पाठवलं. म्हणाले, सरजाबाईंचं घर माळाला जवळ आहे आणि अंगणवाडीमुळं त्यांना मोजणीची सवय आहे. मी विचारलं, "आमच्या घरचं चालतं का गं?" ती म्हणाली, "मावशी, सकाळपासून उपाशी आहे." विषय तिथंच संपला. तिच्याकडं अंडंही चालत नाही म्हणून आठ दिवस मीही शिजवलं नाही.

तिचं काम मी समजून घेतलं. आमच्या गावाचा नियम आहे, पावसाळ्यात माळ राखायचा, जनावर सोडायचं नाही. दिवाळीच्या पाडव्याला माळ मोकळा होतो आणि मग शेळ्या, मेंढ्या, गुरं सगळं साफ करतात. उरते फक्त उंटकटारी. मंजुषाचं म्हणणं असं, की उरते ती एकटी नाही. तिच्या काट्यांच्या आडोशाला बाकीची बारकी झाडं जगतात, गवताचं बी पिकतं, बोरीचं, तरवडाचं रोप तग धरतं. हे खरं की खोटं ते मोजायचं. म्हणून माळ मोकळा व्हायच्या आधी एकदा मोजणी, आणि गुरं चरून गेल्यावर त्याच जागी परत एकदा. आधीची मोजणी एकदाच होते. गुरं घुसली की ती संधी वर्षभर गेली.

तिनं चाळीस चौकोन आखले. प्रत्येक एक मीटरचा. चार कोपऱ्यांना चार खुंट्या, टोकाला लाल रंग, आणि एका खुंटीला पत्र्याची नंबरची पट्टी. एकशेसाठ खुंट्या त्या पोरीनं मुरमात दगडानं ठोकल्या. तळहाताला फोड आले. मी संध्याकाळी खोबरेल लावून द्यायची. ती वहीत प्रत्येक चौकोनाचं चित्र काढायची, उंटकटारीच्या जागी टिंब, आणि खाली काय काय उगवलंय त्याची यादी. मला माझी वजनाची रजिस्टरं आठवली. पोराला झोळीत घालायचं, काटा थांबेपर्यंत श्वास धरायचा, मग आकडा लिहायचा. एकतीस वर्षांत मी एका पोराचं वजन खोटं लिहिलं नाही. वरून कितीही फोन आले तरी नाही. म्हणून ती पोर मला पहिल्या दिवसापासून आवडली.

चाळीस चौकोन पूर्ण झाले आणि ती दिवाळीसाठी उदगीरला गेली. डिसेंबरात येते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी निवृत्ती आला. तीन गाड्या बदलून, फाट्यावर उतरून, माळातून चालत. मी चुलीवर भाकरी टाकत होते. गॅस आहे आमच्याकडं, पण भाकरी मी चुलीवरच करते. ह्यानं काही न बोलता चुलीजवळ एक मोळी टाकली. मीही न बोलता त्यातल्या पाच-सात काड्या घेऊन आत सारल्या. रंग जळाल्यासारखा वास आला. बघते तर लाल टोकं.

"हे कुठून आणलं?"

वीस दिवसांनंतर मी त्याच्याशी बोललेले हे पहिले शब्द.

"माळावरून," तो म्हणाला, छाती पुढं काढून. "मी गाव सोडून गेलो की ह्यांना मोकळं रान. मोजणी करून राहिले व्हते. व्हत्या तेवढ्या खुंट्या उपटल्या. आता बसा म्हणावं पुन्यांदा मापत."

त्याला मी त्या क्षणी फाडून खाल्लं असतं, पण त्याची बाजूही सांगितली पाहिजे. मी लग्न होऊन आले त्या साली गावाच्या खाली पाझर तलाव झाला. आधी लाल टोकाच्या खुंट्या आल्या, कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही, आणि मागून सासऱ्याची दीड एकर पाण्याखाली गेली. तेव्हापासून आमच्या वस्तीचा शिरस्ता आहे. लाल खुंटी दिसली की विचारायचं नाही, उपटायची. मोजणीवाल्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, तोवर साहेबाची बदली होते. दोनदा असंच झालं आणि दोनदा रान वाचलं. निवृत्तीला वाटलं, तिसऱ्यांदा वाचवलं.

मी चुलीतून काड्या ओढल्या, पाण्यात टाकल्या आणि त्याला सगळं सांगितलं. पोर कोण, चौकोन कशाचे, पाडवा परवावर आलाय. त्याच्या खिशात नंबरच्या पट्ट्या खुळखुळत होत्या. तुरीवरच्या पाखरांना भेवडवायला आणल्या होत्या म्हणे.

"मग तू फोन का न्हाई केलास?" तो म्हणाला.

"तू का नाही केलास?"

तव्यावर भाकरी करपली.

त्यानं मग डोकं चालवलं. जळालेल्या सात खुंट्यांच्या जागी बोरीच्या काड्या तासल्या, टोकाला गेरू लावला. आम्ही दोघं माळावर गेलो आणि जिथं भोक दिसलं तिथं खुंटी ठोकली. पण मुरूम ढिसाळ, निम्मी भोकं बुजलेली. आणि कुठल्या भोकाला कुठली पट्टी, हे कुणाला ठाऊक. निवृत्ती म्हणाला, "उंटकटारी ती उंटकटारी. नंबर कुठला का असंना, पोरीला काय कळणार हाय."

मी होकाराची मान हलवली. वजन खोटं न लिहिणारी मी. मंजुषाचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, एक बटण दाबायचं होतं. रोज ठरवायची आणि रोज लाजेनं राहून जायचं. पाडव्याला माळ मोकळा झाला, धनगरांच्या मेंढ्या आल्या, आठ दिवसांत जमीन उघडी पडली.

डिसेंबरात मंजुषा आली तेव्हा उंटकटारी फुलली होती. येताना तिच्या आईनं, तिच्या अव्वानं, माझ्यासाठी शेंगाच्या पोळ्या दिल्या होत्या. निवृत्तीला तिनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, मावशी सांगत होत्या, बांधावर तुम्ही उंटकटारी राखलीय. माझे सर म्हणतात, असा शेतकरी शोधून सापडत नाही." माझ्या माणसाला लाजताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. जीव पण तेवढाच वरखाली झाला माझा.

पहिल्या दिवशी ती हसत गेली आणि हसत आली. दुसऱ्या दिवशी गप्प आली. तिसऱ्या दिवशी जेवलीच नाही. ओसरीत वही मांडून बसली, पानं पुढं-मागं करत.

"काय झालं गं?"

"मावशी, शेळी उंटकटारी खाते का हो?"

"खात नाही."

"मग सतरा नंबरला सहा होत्या, आता दोन आहेत. बुंधा पण नाही उरलेला. आणि तिसाव्याला एक होती तिथं पाच झाल्या. चाळीसपैकी पस्तीस चौकोन जुळत नाहीत." तिनं वही मिटली. "मीच चुकले. पहिल्यांदा मोजतानाच गल्लत केली असणार. ऊन होतं, घाई होती. चित्रं पण खोटी निघाली माझी. उद्या सरांना फोन करून सांगते, माझ्याकडून होत नाही म्हणून."

"फोटो असतील ना?"

"आहेत की. सगळीकडं काटेच दिसतात, कुठले कुठं ते कळत नाही. आणि मोबाईलवर जागेची नोंद मी चालूच केली नव्हती." तिचा आवाज फुटला. "अव्वाला मी सांगून आले होते, माझा हात मोजायला चांगला आहे म्हणून."

रडली ती. आवाज न करता, रुमाल तोंडाला लावून. आणि पेन घेऊन पहिल्या पानावरच्या आकड्यांवर आडवी रेघ मारायला लागली. आमच्यापायी ती आपलेच खरे आकडे खोडत होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून निवृत्तीचा आवाज आला.

"खोडू नको."

तो जेवायला बसला होता. भाकरीचा तुकडा हातातच होता.

"तुझी मोजणी बराबर हाय. खुंट्या म्या उपटल्या. दिवाळीच्या आंदी. मला वाटलं, जमीन मापाया आलेत. मंग मावशीनं सांगितलं तर परत ठोकल्या, घावल तिथं. चुकलं माझं."

चाळीस वर्षांनी आला तो शब्द, आणि माझ्या वाट्याला न येता त्या पोरीच्या वाट्याला गेला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी म्हटलं, "त्याचं एकट्याचं नाही. सात खुंट्या मी चुलीत घातल्या. आणि दीड महिना तोंड शिवून बसले ती पण मीच."

मंजुषा आमच्याकडं बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू म्हणाली, "काका, तीन दिवस मी स्वतःला शिव्या घालून राहिले. रात्री झोप नाही. तुम्ही दोघं मला चहा देत होता, आणि तुम्हाला माहीत होतं."

उठली आणि आत जाऊन पडली. निवृत्ती तो तुकडा तसाच ताटात ठेवून हात धुवायला गेला.

सकाळी मी उठले तर हा चपला घालून ओसरीत बसलेला. शेजारी त्या एकशेसाठ खुंट्यांची मोळी. उजाडायच्या आत जाऊन पुन्हा सगळ्या उपटून आणल्या होत्या. मी कपाळाला हात लावला. पोर बाहेर आली, मोळी बघितली, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते रडू की हसू, मला सांगता येणार नाही.

"खोट्या जागच्या व्हत्या, ठेवून काय करायच्या," तो म्हणाला. "तुझी वही घे. एकेक चित्र मला वाचून दाखव. म्या जागा सांगतो."

"काका, बारा एकर माळ आहे. हजारो उंटकटाऱ्या आहेत."

"मला म्हाईत हाय किती हायेत. तू वाच."

मीही गेले मागं. घरी बसून करणार काय होते.

पहिलं चित्र तिनं वाचलं. तीन उंटकटाऱ्या, जवळजवळ, मधोमध जागा मोकळी, शेजारी मुंग्यांचं वारूळ, एक तरवडाचं रोप. निवृत्तीनं डोळे मिटले. "चुलीच्या दगडासारख्या तीन?" ती हो म्हणाली. तो सरळ चालायला लागला, दोनशे पावलं, वाकला, बोट दाखवलं. तीन काटेरी बाया, मधोमध मोकळी जागा, बाजूला वारूळ. पोरीनं वही धरून टिंबं ताडून पाहिली. मीटरपट्टी लावली. एक बोटाचा फरक नाही. आणि दोन पानांच्या खाली, शेळीच्या तोंडापासून वाचलेलं, वीतभर तरवड हलत होतं.

"कसं काय लक्षात राहिलं?" ती म्हणाली.

"इथं बसून म्या पन्नास वरसं शेळ्या राखल्या. वरसावरसाला ती त्याच मुळीतून उठती. आपली माणसं आपण इसरतो का?"

माझ्या वाढदिवसाची तारीख ह्याला ठाऊक नाही, हे मी तिथं बोलले नाही.

असे आम्ही चार दिवस फिरलो. ती वाचायची, तो डोळे मिटायचा, मी खुंट्या ठोकायची. "पाच हायेत आन एक वाकडी? ती वाकडी बैलगाडीखाली आली व्हती." "चार, अन् खाली बोरीचं रोप? तितिराचं घरटं व्हतं त्या बोरीपाशी." कधी दोन जागा सारख्या वाटायच्या, मग पोर टिंबांची अंतरं मोजायची आणि निकाल लागायचा. उंटकटारीला शेळी खात नाही, म्हणून तर हे जमलं. ती खाल्ली गेली असती तर सगळाच पुरावा गेला असता. हळूहळू मंजुषा पुन्हा बोलायला लागली. तिसऱ्या दिवशी तिनं निवृत्तीला विचारलं, "काका, मावशींची साडी ह्यातल्या कुठल्या नंबरनं फाडली?" मीच तिला ते गाऱ्हाणं सांगितलं होतं. तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "ती बांधावरली हाय. मोजणीत न्हाई." दोघं हसले. मला हसू आलं नाही, पण राग पण आला नाही.

सतरा नंबर शेवटपर्यंत सापडेना. सहा उंटकटाऱ्या दाटीनं, आणि खाली नऊ जातींची यादी. सगळ्यांत भरलेला चौकोन होता तिचा, त्याच्यावरच सगळी भिस्त. निवृत्ती त्या चित्रावर अर्धा तास बसून राहिला. म्हणाला, "सहा एका जागी माळावर कुठंच न्हाईत." पोरीचं तोंड उतरलं. चाळीस चौकोनांत हा कुठं आखला ते तिलाही आठवेना. मग मीच विचारलं, "यादीत काय काय आहे?" तिनं वाचलं, आणि शेवटी म्हणाली, "झेंडूचं एक रोप."

माळावर झेंडू कुठून येणार. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अंगणवाडीच्या पोरांना मी दरवर्षी पंधरा ऑगस्टला माळावर न्यायची. झेंडूचे हार सुकले की पोरं तिथंच भिरकावायची, पडक्या हौदाच्या मागं. "हौदामागं बघितलंस का?" मी निवृत्तीला म्हटलं. तो म्हणाला, "तिकडं म्या शेळ्या न्हेत न्हाई. खुंट्या उपटल्या तवा नजर निसती खुंटीवर व्हती." आम्ही गेलो. सहा उंटकटाऱ्या खांद्याला खांदा लावून उभ्या, गोंडे मधमाश्यांनी भरलेले, आणि खाली त्या काट्यांच्या घरात झेंडूचं रोप, गवताच्या पिकलेल्या काड्या, बोरीची दोन पोरं. बाहेर चहूकडं जमीन तुळतुळीत खरवडलेली. मंजुषा गुडघ्यावर बसली आणि मोजायला लागली. मोठ्यानं, एकेक नाव घेत. नऊच्या नऊ.

तिनं मला मिठी मारली. अंगाला माती, घाम, केसांत कुसळं. माझ्या पोटच्या पोरीनं मारली नसेल अशी घट्ट.

चाळीसपैकी सदतीस सापडले. तीन गेले ते गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती ओसरीत बसून तक्ता भरत होती. हरवलेल्या तीन चौकोनांपुढं कारण लिहायचं होतं. तिनं निवृत्तीकडं पाहिलं. "काका, जनावरांनी खुंट्या पाडल्या, असं लिहिते. सगळ्यांचं तसं होतं. सर काही विचारणार नाहीत."

त्या पोरीचं मन बघा. तीन रात्री जिची झोप आम्ही उडवली, ती आमची लाज झाकायला निघाली होती.

निवृत्ती म्हणाला, "जनावरानं काय केलं? जनावर बिचारं गवत खाऊन गेलं. लिही, निवृत्ती सोनकांबळे यानं उपटल्या. न इचारता."

"खरंच लिहू?"

"आकडे खरे लिहायचे आन हे खोटं? मावशीला इचार, चालतं का."

मी म्हटलं, चालत नाही. तिनं लिहिलं. त्यानं चष्मा मागितला, वाचलं, आणि कुणी सांगितलं नसताना खाली सही केली. दुसरी शिकलेला माणूस, सहीला एक मिनिट लावतो.

जानेवारीच्या शेवटी ती अखेरची मोजणी करायला आली. गोंडे सुकून झडायला लागले होते, बी वाऱ्यावर निघालं होतं. काम संपलं. माळ जसा होता तसा करून द्यायचा, असं तिच्या परवानगीच्या पत्रात होतं. जाताना फाट्यावर गाडीची वाट बघत ती निवृत्तीला म्हणाली, "काका, आता खुशाल उपटा खुंट्या. तुम्हाला सवय आहे."

त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी माळावर गेला, मोळी घेऊन आला. मी सहज मोजल्या. मोजायची खोड आहे मला. एकशेचव्वेचाळीस. सदतीस चोक एकशेअठ्ठेचाळीस होतात.

"चार कमी आहेत."

"असू दे," तो म्हणाला आणि भाकरी मागितली.

फेब्रुवारीत ज्योत्स्नाला दुसऱ्या वेळेचे दिवस भरत आले म्हणून मी चाकूरला गेले. भांडण नव्हतं काही, पण निघताना मनात आलंच, की आता पंधरा दिवस ह्याचा फोन येणार नाही. हा बोलत नाही फोनवर. फोन कानाला लावला की ह्याला वाटतं, आपलं आयुष्य कमी होतंय.

पहिल्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. मी घाबरले, म्हटलं घरी काय झालं. पलीकडून खोकला ऐकू आला आणि मग आवाज, हजेरी दिल्यासारखा.

"सतराला सहा. झेंडू वाळला. बोरी दोन्ही हायेत."

"बरं," मी म्हटलं.

फोन बंद. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा. सतराला सहा. पोरीलाही आठवड्याला कळवतो म्हणाला, तिनंच मागितलंय. पण रोज मला का, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. ज्योत्स्ना हसायची, म्हणायची, आई, तुझा रिपोर्ट आला. बाळंतपण झालं, नात झाली, हे मी त्याला सांगितलं तेव्हा पलीकडून आधी नुसता खोकला आला. मग म्हणाला, बोरीला नवी पालवी आलीय.

तेराव्या दिवशी फोन आला तेव्हा मी नातीला मांडीवर घेऊन बसले होते.

"सतराला सात झाल्या," तो म्हणाला. "बारकी हाय, बोटभर. काटा अजून मऊ हाय तिचा."

"बरं झालं."

ह्या वेळी फोन बंद झाला नाही. पलीकडं माळावरचा वारा ऐकू येत होता. म्हणजे हा तिथंच उभा होता, हौदामागं, चार खुंट्यांजवळ.

"सरजा," तो म्हणाला. लग्नानंतरच्या पहिल्या सालानंतर ह्यानं मला नावानं हाक मारली नव्हती. "बांधावरली ती एक उपटली म्या. साडी फाडलेली."

मी नातीचं दुपटं सारखं केलं. "कशाला उपटलीस?" मी म्हटलं. "काट्याची काय चूक होती?"

तो हसल्यासारखा वाटला. मग विचारलं, "कवा येतीस?"

मी म्हटलं, रविवारी. दुपारच्या गाडीनं. फाट्यावर ये.